पवित्र भूमीचीं यात्रावृत्तें व महानुभावांची स्थानपोथी

१

तीर्थयात्रेचें वृत्त हें इतिहासाचें साधन होऊं शकतें कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या संशोधकवर्गांत अद्याप नीट सुटलेला नाहीं. बखर, करीना, महजर, शकावली यांची तपासणी कशी करावी याचे कांहीं नियम आतां सर्वमान्य झाले आहेत. परंतु एखाद्या भाविकानें आपल्या दैवताचीं स्थळें पाहून लिहिलेली वही हातीं आली, म्हणजे संग्राहक ती एक तर देव्हाऱ्यांत ठेवतो, नाहीं तर रद्दींत टाकतो. दोन्ही ठिकाणीं ती वाचली जात नाहीं, हें मात्र सारखेंच. अशा वृत्तांची कसोटी काय असावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यासाठीं बायबलांतील स्थळांच्या ख्रिस्ती यात्रेचीं दोन वृत्तें, एक चौथ्या शतकांतील व एक एकोणिसाव्या शतकांत मुंबईहून निघालेल्या मंडळीचें, हीं घेऊन त्यांच्या शेजारीं आपली मराठी स्थानपोथी ठेवून पाहणार आहों.

या विचारास सावदा हें गांव सोयीचें आहे. पेशवाईच्या अभ्यासकांस तें १७६३ सालीं निजामाकडून पेशव्यांकडे आलेलें व पुढें सरदार रास्त्यांस मिळालेलें ठाणें म्हणून ठाऊक आहे. इंग्रजी अमदानीच्या अभ्यासकांस १८५२ सालीं जमीनमोजणीविरुद्ध येथें जमलेल्या दहा-पंधरा हजार रयतेमुळें ठाऊक आहे. व्यापाऱ्यांस केळ्यांमुळें ठाऊक आहे. परंतु याच गांवांत महानुभावांचें दत्तमंदिर आहे, स्वामिनारायण संप्रदायाचें मंदिर आहे. शेजारीं फैजपुरास सत्पंथाची गादी आहे. आणि कांहीं कोसांवर तापी-पूर्णेच्या संगमाकडे चांगदेव व मुक्ताबाई यांचीं स्थानें आहेत. भुसावळचें जंक्शन जवळच असून तेथें रेल्वेबरोबर वाढलेली ख्रिस्ती वस्ती व तिचीं चर्चें आहेत. निरनिराळ्या पंथांचे यात्रेकरू एकाच फलाटावर उभे असलेले ज्यानें पाहिले, त्यास यात्रावृत्तांची तुलना करण्याची बुद्धि सहज व्हावी. तशी ती आजवर फारशी कोणास झाली नाहीं, याचें कारण पंथाभिमान हें नसून साधनांविषयींची उदासीनता हें आहे, असें आम्हांस वाटतें.

२

पहिलें वृत्त एगेरिया नांवाच्या बाईचें. इटलींतील अरेत्सो येथील एका धार्मिक संस्थेच्या ग्रंथसंग्रहांत १८८४ सालीं गामुर्रिनी या विद्वानास अकराव्या शतकांतील एक लॅटिन हस्तलिखित सांपडलें. पोथी आद्यंतरहित होती. मधलाहि मजकूर गळालेला होता. लेखिकेचें नांव कोठेंच नव्हतें. गामुर्रिनीनें तिला सिल्व्हिया ठरविलें. पुढें १९०३ सालीं फेरोतिन यानें, सातव्या शतकांतील व्हालेरियस नांवाच्या स्पॅनिश साधूच्या एका पत्राच्या आधारें, ती एगेरिया असल्याचें दाखविलें; आणि प्रवासाचा काळ ३८१ ते ३८४ हा १९६७ सालीं देवो या पंडितानें कालगणनेच्या आधारें मांडला. हरवलेल्या भागापैकीं कांहीं मजकूर बाराव्या शतकांत मोंते कास्सिनो येथील पीटर डीकन यानें आपल्या पवित्र-स्थळांच्या पुस्तकांत उतरून घेतला होता, त्यावरून कळतो. निनांवी व मोडकी पोथी ऐंशींहून अधिक वर्षें निरनिराळ्या हातांनीं कशी उजळत गेली, याचा हा दाखला आपल्या प्रत्येक संग्राहकानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. नांव नाहीं व शेवट नाहीं एवढ्यासाठीं पोथी टाकून देणाऱ्यानें हा इतिहास अवश्य वाचावा.

एगेरियेच्या आधीं अर्धशतक, ३३३ सालीं, बोर्दो गांवचा एक यात्रेकरू यरुशलेमास जाऊन आला होता. त्याचें वृत्त बहुतेक मजलांची यादी आहे : कोठें घोडे बदलले, कोठें मुक्काम केला, मध्यें किती अंतर. तें आपल्याकडील कूचमुक्कामाच्या यादीसारखें आहे व तितकेंच उपयुक्त आहे. एगेरियेचें लेखन निराळें. ती आपल्या देशींच्या भगिनींस पत्ररूपानें लिहीत आहे. ज्या आल्या नाहींत त्यांस सर्व दिसावें, ही तिची तळमळ आहे. ती एकटीहि नाहीं. वाट दाखविणारे साधू, गांवोगांवचे बिशप, आणि धोक्याच्या टापूंत रोमन शिपायांची सोबत, असा तिचा मेळा चालतो. प्रत्येक स्थळीं तिचा क्रम ठरलेला आहे : प्रथम प्रार्थना, मग त्या स्थळासंबंधींचा उतारा ग्रंथांतून वाचावयाचा, मग त्यास साजेसें स्तोत्र, पुन्हा प्रार्थना. सिनाय पर्वताच्या माथ्यावर मोशेच्या ग्रंथांतील तो भाग वाचला जातो, तेव्हां ग्रंथ स्थळाचा अर्थ सांगतो आणि स्थळ ग्रंथाची साक्ष देतें. दोहोंपैकीं एक काढून घेतलें तर उरतो तो नुसता डोंगर किंवा नुसता कागद.

या बाईच्या वृत्तांतील दोन स्थळें आम्हांस विशेष मोलाचीं वाटतात. एक, लोटाच्या बायकोचा मिठाचा खांब. मृत समुद्राकडे पाहून ती भगिनींस स्पष्ट सांगते कीं, खांब आम्हांस दिसला नाहीं, आणि या बाबतींत मी तुम्हांस फसविणार नाहीं; तेथील बिशपाचें म्हणणें असें कीं, तो दिसेनासा होऊन कांहीं वर्षें झालीं. येथें भाविक लेखिकेस खोटें लिहिणें अगदीं सोपें होतें. पाहणारा कोणी नव्हता, आणि ऐकणाऱ्या भगिनी विश्वास ठेवण्यास उत्सुक होत्या. तरी तिनें न पाहिलेलें पाहिलें म्हटलें नाहीं. दुसरें स्थळ एदेस्सा नगराचें. तेथील राजा अबगार व येशू ख्रिस्त यांच्यामध्यें झालेला म्हणून जो पत्रव्यवहार त्या काळीं प्रसिद्ध होता, त्याच्या नकला तेथील बिशपानें तिला दिल्या. तिच्या घरीं त्या पत्रांच्या नकला आधींच होत्या. परंतु येथील पाठ अधिक विस्तृत दिसतो, म्हणून त्या घेण्यांत विशेष आनंद वाटला, असें ती नमूद करते. पत्रें खरीं कीं बनावट हा वाद आजच्या विद्वानांनीं केव्हांच निकालांत काढला आहे. तीं बनावट आहेत. तथापि दोन प्रतींतील पाठ कमीअधिक आहे हें ज्या यात्रेकरू बाईच्या डोळ्यांतून सुटलें नाहीं, तिला नुसती भोळी म्हणणारा समीक्षक स्वतःच भोळा समजावा.

तिच्या वृत्ताच्या उत्तरार्धांत यरुशलेमांतील उपासनेचें वर्णन आहे. बिशप ग्रीक भाषेंत बोले. त्याचें सुरियानींत भाषांतर होई. आणि ज्यांस लॅटिनखेरीज कांहीं कळत नसे, त्यांस दोन्ही भाषा जाणणारे बंधुभगिनी अर्थ सांगत. शुभ शुक्रवारीं क्रुसाचें लाकूड दर्शनास ठेवीत, तेव्हां डीकन सभोंवार पहारा करीत. कारण पूर्वीं कोणीएकानें चुंबन घेतांना त्याचा तुकडा दातांनीं तोडून नेला होता, असें सांगत. ही गोष्ट ती न लपवितां लिहिते. श्रद्धेचा मोह आणि चोरी यांतील अंतर किती थोडें, हा धडा तिनें आपल्या भगिनींस व्याख्यान न देतां दिला आहे.

३

आतां पाठभेदाचा यात्रेशीं काय संबंध, हें हस्तलिखितांच्या संग्राहकांस दोन उदाहरणांनीं दाखवितों. लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटीं दोन शिष्य यरुशलेमाहून अम्माऊस गांवीं जातात. बहुतेक प्रतींत हें अंतर ६० स्टेडिया, म्हणजे सुमारें ११ किलोमीटर, आहे. परंतु सिनायच्या प्रसिद्ध जुन्या प्रतींत व दुसऱ्या कांहीं प्रतींत तें १६०, म्हणजे सुमारें ३० किलोमीटर, आहे. पहिला पाठ धरल्यास गांव एकीकडे जातें, दुसरा धरल्यास अम्वास या दूरच्या गांवीं जातें. युसीबियस व जेरोम यांनीं दूरचें गांव मानलें. क्रुसेडरांच्या काळापासून जवळचीं निराळीं गांवें पुढें आलीं. आणि आजहि अम्माऊस म्हणून एकाहून अधिक गांवें दाखविलीं जातात. एका अंकाच्या फरकानें यात्रेकरूंचे मेळे शतकानुशतकें निरनिराळ्या वाटांनीं गेले. दुसरें उदाहरण योहानाच्या शुभवर्तमानांतील. बाप्तिस्मा देणारा योहान जेथें होता, त्या यार्देनेपलीकडील गांवाचें नांव जुन्या प्रतींत बेथानी असें आहे. तिसऱ्या शतकांतील ओरिजेन यास तेथें त्या नांवाचें गांव आढळलें नाहीं, म्हणून त्यानें बेथाबारा हा पाठ पत्करला. पुढें तो अनेक प्रतींत शिरला. म्हणजे येथें यात्रेनें पोथी बदलली, व अम्माऊसच्या बाबतींत पोथीनें यात्रा बदलली.

पुढें नदीच्या दोन्ही तीरांवर बाप्तिस्म्याचें स्थान दाखविलें जाऊं लागलें. पूर्वतीरावरील अल्-मघतास हें स्थान २०१५ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलें. पश्चिमतीरावरील जागा १९६७ च्या युद्धानंतर बंद झाली, तेव्हां यात्रेकरूंसाठीं गालीलच्या सरोवराजवळ यार्देनीत नांवाचा नवाच घाट १९८१ सालीं उभा राहिला. पश्चिमतीरावरील जागा २०११ सालीं पुन्हा खुली झाली. ज्यास या तीन ठिकाणांचा इतिहास ठाऊक नाहीं, तो कोणत्याहि एका घाटावर बुडी मारून हीच ती जागा असें लिहितो, आणि त्याचें वृत्त त्या वाक्यापुरतें निरुपयोगी होतें. मात्र बुडी मारतांना त्यास काय वाटलें, हें त्यानें लिहिलें असेल तर तें निरुपयोगी नव्हे. हा भेद आम्हीं पुढें पुन्हा घेणार आहों.

४

दुसरें वृत्त आपल्या घरच्या मंडळींचें म्हणावें असें आहे. मुंबईचे स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन हे १८४३ सालच्या आरंभीं मुंबईहून निघून मिसर, सिनाय, पेट्रा, यरुशलेम, नाबलूस या मार्गानें स्वदेशीं गेले. त्यांच्याबरोबर धनजीभाई नौरोजी हे तरुण पारशी गृहस्थ होते. त्यांनीं १८३९ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळें मुंबईंत केवढें वादळ उठलें होतें व प्रकरण कोर्टांत कसें गेलें होतें, हें सुप्रसिद्धच आहे. या प्रवासावर विल्सन यांनीं बायबलांतील देशांविषयींचा दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ १८४७ सालीं प्रसिद्ध केला.

विल्सन हे नुसते उपदेशक नव्हते. गिरनारच्या अशोकलेखाचा ठसा प्रिन्सेपकडे पोंचविण्यांत त्यांचा हात होता; रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते अध्यक्ष होते; पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांच्या पाहणीसाठीं पुढें नेमलेल्या कमिशनाचें काम त्यांनीं चालविलें; आणि कोंकणांतील मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल लोकांसाठीं त्यांनीं १८३२ सालींच मराठींतून हिब्रू व्याकरण लिहिलें होतें. असा मनुष्य पवित्र भूमींत गेल्यावर दगडांइतकेंच माणसांकडे पाहतो, हें स्वाभाविक होय. नाबलूसच्या शोमरोनी लोकांची राहणी, त्यांचे ग्रंथ, पूर्वेकडील यहुदी व प्राचीन ख्रिस्ती पंथांची स्थिति, यांस त्यांनीं दिलेली जागा ही त्या ग्रंथाची खरी कमाई आहे. स्थळांच्या बाबतींत त्यांच्यापुढें एडवर्ड रॉबिन्सन या अमेरिकन पंडिताचा १८३८ चा प्रवास व १८४१ चा ग्रंथ होता. रॉबिन्सनचें सूत्र असें कीं, मठवासीयांनीं दाखविलेल्या स्थळांवर भिस्त न ठेवतां, तेथील शेतकऱ्यांच्या तोंडीं टिकून राहिलेलीं अरबी ग्रामनामें तपासावीं; कारण धर्म बदलला, राज्य बदललें, तरी गांवचें नांव सहसा बदलत नाहीं. हें सूत्र खानदेशांतील ग्रामनामांस लावून पाहण्यासारखें आहे, हें सांगणें नलगे.

तथापि समीक्षक या नात्यानें या ग्रंथांतील एक उणीव दाखविणें आमचें कर्तव्य आहे. ग्रंथाचा वक्ता एकटा विल्सन आहे. त्याच वाळवंटांतून, त्याच उंटांच्या तांड्याबरोबर गेलेल्या धनजीभाईंस काय वाटलें? ज्यानें नव्या धर्मासाठीं आईबाप, जात व घर यांस अंतर दिलें, तो यरुशलेमाच्या वेशींत शिरतांना काय मनांत आणीत होता, हें ऐकावयास मिळणें गुरूच्या विद्वत्तेइतकेंच अगत्याचें होतें. तो आवाज ऐकावयाचा तर १९०९ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्ताकडे वळावें लागतें. सामुदायिक यात्रेचें वृत्त समुदायांतील एकाच्याच तोंडून आलें म्हणजे अशी हानि होते. एगेरियेच्या वृत्तांत तोंड एकच असलें तरी वाटाड्ये, बिशप, दुभाषे हे सर्व बोलतांना ऐकूं येतात. विद्वत्तेच्या तराजूंत विल्सन जड भरतील. सोबत्यांस न्याय देण्याच्या तराजूंत ती चौथ्या शतकांतील बाई जड भरते.

५

आतां स्थानपोथीकडे वळूं. श्रीचक्रधरांच्या लीळा म्हाइंभटानें जमविल्या. त्या लीळा कोठें घडल्या, तें स्थान गांवांत कोणत्या दिशेस, देऊळ कोणत्या तोंडाचें, आसन कोठें, निद्रा कोठें, आरोगणा कोठें, याची नोंद स्थानपोथींत आहे. ती मुनिव्यासाच्या नांवावर असून चौदाव्या शतकांतील मानली जाते, डॉ. वि. भि. कोलते यांनीं ती संपादून प्रसिद्ध केली आहे. लीळाचरित्र व स्थानपोथी यांचें नातें हें शुभवर्तमानें व युसीबियसचा बायबलांतील स्थलनामांचा कोश यांच्या नात्यासारखें आहे : एक सांगतें काय घडलें, दुसरें सांगतें कोठें. मूळ लीळाचरित्र धामधुमींत नाहींसें झालें व तें शिष्यांच्या पाठांतरावरून पुन्हा उभें करावें लागलें, ही पंथाची परंपरा सर्वांस ठाऊक आहे. त्यामुळेंच त्याचे निरनिराळे पाठ झाले. ग्रंथ हरवूं शकतो, हा अनुभव ज्या पंथानें घेतला, त्यानें स्थळांची नोंद इतक्या काटेकोरपणें करावी, यांत एक अर्थ आहे. जमीन ही त्यांची दुसरी पोथी होती.

खानदेशापुरतें पाहिलें तरी कनाशी, वाघळी अशीं स्थानें यात्रेकरू आजहि वंदन करितात; जेथें स्वामी बसले किंवा निजले, तेथें ओटा बांधलेला असतो. मूर्तीच्या जागीं ओटा, हें ज्यास चमत्कारिक वाटेल, त्यानें ध्यानांत ठेवावें कीं यरुशलेमांतील सर्वांत पूज्य स्थान हेंहि एक रिकामी कबरच आहे. दोन्ही ठिकाणीं पूजा होते ती जो तेथून निघून गेला त्याच्या आठवणीची.

स्थानपोथीचा लेखक भावनेचे उद्गार फारसे काढीत नाहीं. दिशा सांगतो, दार सांगतो, पुढच्या स्थानाकडे वळतो. म्हणून कोणी तिला कोरडी म्हणतात. आमचें मत उलट आहे. ज्यास आपल्या स्वामीचें पाऊल नेमकें कोठें पडलें याची चुकभूल सहन होत नाहीं, त्याच्याइतका आर्द्र लेखक दुसरा कोण? महाराष्ट्रांतील यात्रा व भूगोल यांच्या संबंधावर अ‍ॅन फेल्डहाउस यांनीं जें काम केलें आहे, त्यांत या पोथीस जें महत्त्व मिळालें, तें या नेमकेपणामुळेंच. यादवकालीन गांवांची रचना, देवळांचीं तोंडें, वेशी, मठ, यांविषयीं इतका प्रत्यक्ष पुरावा शिलालेखांतहि मिळणें कठीण.

स्थान दूर असेल तर काय करावें, याचें उत्तर मराठी ख्रिस्ती परंपरेनें निराळें दिलें. फादर स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले; त्यांचें ख्रिस्तपुराण रायतूर येथें १६१६ सालीं छापून निघालें, १६४९ व १६५४ सालीं पुन्हा निघालें. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो हस्तलिखितांमुळें. ज्यांस बेथलेहेम कधींच दिसणार नव्हतें अशा श्रोत्यांस तें ओंवीच्या चालीवर ऐकूं यावें, ही त्या ग्रंथाची कामगिरी. छापलें म्हणजे टिकलें, असें मानणाऱ्यांस या ग्रंथाचा इतिहास पुरेसा इशारा आहे.

६

आपल्या काळीं मुंबई, पुणें, वसई इत्यादि ठिकाणांहून ख्रिस्ती यात्रेकरूंचे मेळे विमानानें जाऊं लागले. आठ-दहा दिवसांत मिसर, जॉर्डन व इस्रायल यांतील स्थळें पाहावयाचीं. बरोबर एखादा पाळक किंवा धर्मगुरु. काना गांवीं जोडप्यांनीं विवाहाचीं वचनें पुन्हा घ्यावयाचीं. यरुशलेमाच्या गल्लींतून क्रूस खांद्यावर घेऊन चालावयाचें. ऑक्टोबर २०२३ मध्यें सुरू झालेल्या युद्धानें या यात्रांत मोठाच व्यत्यय आला. परत आलेल्यांचीं वृत्तें पंथाच्या मासिकांत येतात. त्यांतील बहुतेकांचा सांचा एकच आहे : स्थळ, वचन, बोध, पुन्हा स्थळ, वचन, बोध. बोध खोटा असतो असें आम्ही म्हणत नाहीं. पण जागा कोणी दाखविली, दुसरी जागा दाखविणारेहि आहेत कीं नाहींत, बरोबर कोण होतें, कोण आजारी पडलें, कोण रडलें, काय बंद होतें, यांपैकीं कांहींच नसल्यामुळें तो बोध हवेंत लटकतो. न जातांहि तो लिहितां आला असता.

खरा बोध जेथें वस्तुस्थिति अडते तेथून निघतो, असें आमचें निरीक्षण आहे. पवित्र कबरेच्या मंदिराचेंच पाहा. ३३५ सालीं प्रतिष्ठा झालेली ही वास्तु ६१४ सालीं इराण्यांच्या हल्ल्यांत जळाली, १००९ सालीं खलिफा अल्-हाकिमच्या हुकुमानें पाडली गेली, पुन्हा बांधली गेली. आज तींत सहा ख्रिस्ती पंथांचे हक्क आहेत; दरवाजाची किल्ली मात्र पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान घराण्यांकडे आहे. कोणती पायरी कोणी झाडावयाची, कोणता दिवा कोणी लावावयाचा, हें १७५७ च्या व पुन्हा १८५२ च्या तुर्की फर्मानांनीं जैसे थे ठरविलेलें आहे. ज्या १८५२ सालीं सावद्यास रयत मोजणीविरुद्ध उभी राहिली, त्याच सालचें हें फर्मान. दोन्हीकडे प्रश्न एकच होता : पूर्वापार वहिवाट मोठी कीं नवा कागद मोठा? देवस्थानांच्या मानपानाचे महजर ज्यानें वाचले आहेत, त्यास हें सर्व ओळखीचें वाटेल. यात्रेकरूनें हें भांडण पाहून लाजेनें गाळूं नये. शेजाऱ्याच्या हातीं किल्ली सोंपविल्यावांचून जेथें भावांना आपलें दार उघडतां येत नाहीं, तेथें नम्रतेचा जो धडा मिळतो, तो कोणत्याहि प्रवचनांत मिळावयाचा नाहीं.

दुसरा धडा भाषेचा. एगेरियेच्या काळीं उपासना दुभाष्यांच्या द्वारें चाले, हें वर सांगितलें. आजच्या मराठी यात्रेकरूस इस्रायलमध्यें मराठी बोलणारे बेने इस्रायल भेटतात. कोंकणांतून गेलेलीं हीं कुटुंबें आपली बोली विसरलेलीं नाहींत. ज्यांच्या पूर्वजांस विल्सन मराठींतून हिब्रू शिकवीत होते, त्यांचे वंशज आतां हिब्रूच्या देशांत मराठी राखून आहेत. असा योग यात्रावृत्तांत नोंदला गेला नाहीं, तर नोंद ठेवावयाची ती कशाची?

तिसरा धडा मेळ्याचा. एकटा गेलेला प्रवासी आपल्या मनासारखें पाहतो; मेळ्यांतील प्रवासी म्हाताऱ्यांच्या पावलानें चालतो. मुक्ताईची पालखी जेव्हां तापीकांठाहून पंढरीस निघते, तेव्हां दिंडींतील वारकऱ्यासहि हेंच शिकावें लागतें. स्थळ गांठण्याची घाई व सोबत्याची वाट पाहण्याची सक्ति, यांच्या ओढाताणींत यात्रेचें पुण्य असेल तर असावें. म्हणून सोबत्यांचीं नांवें व हालअपेष्टा गाळून केवळ स्थळें लिहिणारा यात्रेकरू निम्मी यात्रा विसरतो, असें आम्ही समजतों.

७

या तुलनेवरून यात्रावृत्ताच्या चार कसोट्या ठरवाव्या, असें आम्हीं सुचवितों. पहिली : न पाहिलेलें न पाहिलें म्हणून सांगितलें आहे काय? दुसरी : स्थळ कोणाच्या तोंडून कळलें, तें नमूद आहे काय? तिसरी : स्थळीं जो ग्रंथ वाचला, त्याचा पाठ कोणता, हें कळतें काय? चौथी : सोबती दिसतात काय? एगेरिया पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या कसोटीस पूर्ण उतरते, आणि तिसरीसहि तिच्या काळाच्या मानानें चांगली उतरते. विल्सन दुसऱ्या व तिसऱ्या कसोटीस उत्कृष्ट, चौथीस कमी. स्थानपोथी नेमकेपणांत दोघांसहि मागें टाकते. यात्रेकरूंचा मेळा मात्र तींत आपणांस आपल्या कल्पनेनें भरावा लागतो.

आतां वर राखून ठेविलेला भेद. भाविकानें दाखविलेली जागा चुकीची निघाली, म्हणून त्याचें सर्व वृत्त चूक ठरत नाहीं. एदेस्साचीं पत्रें बनावट होतीं. पण त्या बनावट पत्रांचे दोन पाठ चौथ्या शतकांत प्रचलित होते, ही माहिती अस्सल आहे. स्थळाविषयींचें विधान एका तराजूंत घालावें, यात्रेविषयींचें दुसऱ्या. पहिल्यासाठीं भूगोल, उत्खनन, ग्रामनामें हीं प्रमाणें. दुसऱ्यासाठीं लेखकाची सचोटी हें प्रमाण. संपादनाच्या वेळीं भावनेचा मजकूर म्हणून उतारेच्या उतारे गाळण्याची जी चाल पडली आहे, ती या दृष्टीनें घातुक आहे. मिठाचा खांब दिसला नाहीं हें वाक्य भावनेच्या ओघांतच आलेलें आहे. भावना गाळणाऱ्यानें तेंहि गाळलें असतें.

शेवटीं आमच्या संग्राहक मित्रांस विनंति. सावदा, फैजपूर, रावेर, भुसावळ या टापूंत महानुभावांच्या मठांत, वारकऱ्यांच्या घरीं व ख्रिस्ती कुटुंबांत यात्रेच्या वह्या, पत्रें, खर्चाच्या याद्या असण्याचा संभव आहे. सकळ लिपींतील पोथी मिळाली तर ती मोलाची समजून आपण जपाल, यांत शंका नाहीं. पण शाळकरी वहींत शिसपेन्सिलीनें लिहिलेलें एखाद्या आजीचें यरुशलेमचें किंवा कनाशीचें वृत्त मिळालें, तर तेंहि तितक्याच काळजीनें उतरून घ्यावें. मालकाची संमति घ्यावी, एकहि ओळ गाळूं नये, आणि घरांत ठेवण्याची सोय नसल्यास धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेकडे नक्कल तरी पोंचवावी. अरेत्सोच्या पोथीस नांव नव्हतें, आरंभ नव्हता, शेवट नव्हता. ती कोणीतरी फडताळांत राहूं दिली, एवढ्यानेंच सोळाशें वर्षांपूर्वींची एक सत्यवादी बाई आपणांशीं बोलूं शकते. खानदेशांतील तशा बायांस मुक्या करण्याचें पाप आपल्या हातून घडूं नये.